‘पहिली नोकरी’ कोर्स : ड्रॉइंगचं प्रकरण बघाच, रेझ्युमेचं सोडून द्या

सिव्हिलच्या ताज्या पदवीधरांना पहिल्या नोकरीसाठी तयार करतो म्हणणारे ऑनलाइन कोर्स आता ढिगानं निघालेत. त्यांतला एक माझ्या भाचीनं घेतला आणि मी तो तिच्या शेजारी बसून शेवटपर्यंत पाहिला. मी कंत्राटदाराच्या बाजूनं साइट सांभाळतो. ज्युनियर इंजिनिअर घ्यायचा झाला की मुलाखतीला मला बसवतात. या कोर्सांतून बाहेर पडलेली मुलं माझ्यासमोर येतात आणि पहिली पाच मिनिटं सगळी एकाच चालीत बोलतात. ती चाल कुठून येते ते बघायचं होतं. कोर्सचं नाव देत नाही. दोन-तीन दुसऱ्या कोर्सांची नमुना व्याख्यानंही पाहिली, साचा तोच आहे. त्यामुळे खालचं वाचून तुम्ही घेत असलेला कोर्स ताडून बघता येईल.

कोर्सचे ढोबळ भाग असे: रेझ्युमे आणि प्रोफाइल, सॉफ्टवेअर, साइटची प्राथमिक माहिती, ड्रॉइंग वाचन, क्वांटिटी (माल किती लागेल त्याचा हिशोब) आणि बीबीएस (सळ्या कापण्या-वाकवण्याचा तक्ता), सराव मुलाखती, आणि शेवटी ज्याच्या जिवावर जाहिरात चालते ते ‘जॉब असिस्टन्स’.

रेझ्युमेचा भाग वाईट आहे, आणि दुर्दैवानं तोच सगळ्यात आधी येतो. एक रंगीत नमुना देतात. डावीकडे फोटो, त्याखाली पट्ट्या: ऑटोकॅड 80 टक्के, रेव्हिट 70 टक्के, नेतृत्वगुण 90 टक्के. वर दोन ओळींचं ‘उद्दिष्ट’, ज्यात आव्हानात्मक भूमिका आणि संस्थेची प्रगती हे शब्द असतातच. हा नमुना माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की मला आता फक्त फोटो बदललेला दिसतो. ऑटोकॅड 80 टक्के येतं म्हणजे नेमकं कुठलं 20 टक्के येत नाही, असं मी एका मुलाला विचारलं होतं. बिचारा गप्प झाला. त्याचा दोष नव्हता, त्याला तसं भरायला सांगितलं होतं.

भाचीनं रेझ्युमेत अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल कोर्सच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, ‘फ्लाय ॲशयुक्त काँक्रीटच्या गुणधर्मांचा सखोल अभ्यास केला.’ मी म्हटलं, केलंस काय ते लिही. मग निघालं ते असं: सिमेंटच्या 0, 10, 20 आणि 30 टक्के जागी फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख), ताकद तपासायला काँक्रीटचे 150 मिमीचे 36 क्यूब, 7, 28 आणि 56 दिवसांना प्रत्येकी तीन फोडले, सुरुवातीला मागे असलेलं 30 टक्क्यांचं मिश्रण 56 दिवसांपर्यंत बरंच जवळ आलं. आता ही ओळ वाचून माझ्यासारखा माणूस लगेच विचारणार, जवळ का आलं? आणि तिला उत्तर माहीत आहे, कारण क्यूब तिनं स्वतः भरलेत. फ्लाय ॲशची प्रक्रिया सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्यावर चालते, ती सावकाश होते, म्हणून ताकद उशिरा येते. फ्रेशरची मुलाखत सुरू व्हायला एवढं पुरतं. अख्ख्या रेझ्युमे विभागात ‘तुम्ही हातानं काय केलंत’ हा प्रश्न एकदाही येत नाही.

सॉफ्टवेअरला कोर्सचा जवळजवळ निम्मा वेळ दिलाय. ऑटोकॅड ठीक शिकवलंय, लेअर आणि प्लॉटिंगसकट. इमारतीच्या सांगाड्याचं गणित करणाऱ्या स्टॅड प्रोमध्ये कुठलं बटण कुठे आहे ते दाखवतात, तीन मजली सांगाडा उभा होतो, रंगीत आकृत्या येतात, टाळ्या. त्या आकृतीतला आकडा बरोबर आहे का हे हातानं पडताळायचं मात्र कुणी सांगत नाही. मी मुलाखतीत एवढंच विचारतो: दोन्ही टोकांना साधी टेकलेली 6 मीटरची तुळई, तिच्यावर मीटरला 20 किलोन्यूटन सारखा भार, मधला मोमेंट, म्हणजे तुळईला वाकवणारा परिणाम, किती? भार गुणिले लांबीचा वर्ग भागिले आठ, म्हणजे 90 किलोन्यूटन-मीटर. कागदही लागत नाही. सॉफ्टवेअरची तीन-तीन प्रमाणपत्रं घेऊन आलेली मुलं इथे लॅपटॉप शोधतात. कामाचं वेळापत्रक बनवणाऱ्या प्रायमाव्हेराचा धडा तर पडद्याचे फोटो एकामागून एक दाखवण्यापलीकडे जात नाही.

आता चांगलं. ड्रॉइंग वाचनाचा भाग एक निवृत्त अभियंता घेतात आणि तो भाग पाहिल्यावर मी भाचीला म्हणालो, फी इथे वसूल झाली. त्यांच्याकडे एका खऱ्या इमारतीचा पूर्ण ड्रॉइंग सेट आहे: आर्किटेक्चरल, स्ट्रक्चरल, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल. पहिल्याच तासाला ते ड्रॉइंग उघडून आधी कोपऱ्यातला तक्ता दाखवतात. रेव्हिजन कितवी, तारीख कुठली, ‘बांधकामासाठी’ असा शिक्का आहे का, की अजून मंजुरीसाठीच आहे. मग टिपा. मग कुठे प्लॅन. जुन्या रेव्हिजनवर काम करून कॉलम सरकवलेले मी पाहिलेत, त्यामुळे हा क्रम ऐकून बरं वाटलं. कॉलेजात ड्रॉइंग काढायला शिकवतात, दुसऱ्यानं काढलेलं वाचायला फारसं कुणी शिकवत नाही.

पुढे ते एकच बाथरूम घेतात आणि चारही ड्रॉइंगांत शोधायला लावतात. आर्किटेक्चरलमध्ये तिथला स्लॅब खाली घेतलेला (संकन) दाखवलाय, स्ट्रक्चरलमध्ये स्लॅब सपाट आहे. प्लंबिंगचा पाइप ज्या जागेतून खाली जातो तिथे तुळई आहे. कोण बरोबर? ते उत्तर देत नाहीत. म्हणतात, हे तुम्ही ठरवायचं नाही. लेखी विचारायचं, उत्तर येईपर्यंत तेवढा भाग थांबवायचा आणि फोरमनला का थांबवलं ते सांगायचं. नव्या इंजिनिअरचं पहिल्या वर्षातलं अर्धं काम हेच असतं.

याच भागात ते 1981 सालच्या कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या दुर्घटनेवर एक पूर्ण तास देतात. लॉबीवर टांगलेले पादचारी पूल कोसळून 114 माणसं गेली. मूळ आराखड्यात छतापासून वरच्या पुलातून थेट खालच्या पुलापर्यंत एकच दांडा होता. प्रत्यक्षात सोय म्हणून त्याचे दोन केले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. दिसायला किरकोळ. पण पूल दांड्यावर ज्या नटावर टेकतो, त्या वरच्या पुलाच्या नटावर आधी फक्त त्याच पुलाचा भार होता. आता खालचा पूलही त्याच्याच गळ्यात आला, म्हणजे नटावरचा भार दुप्पट झाला. सर ड्रॉइंगवर पेन्सिल ठेवून भार खालून वर कसा जातो ते फिरवून दाखवतात, दोन्ही आराखड्यांवर, एकदा असं आणि एकदा तसं. भाची दुसऱ्या दिवशी घरातल्या पंख्याचा हुक कशाला धरलाय ते विचारत होती. कोर्सच्या जाहिरातीत या तासाचा उल्लेखसुद्धा नाही.

सळ्यांचा धडाही त्यांचाच. छज्जा किंवा बाल्कनी असेल तर मुख्य सळ्या वरच्या बाजूला, कारण ताण वर येतो. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. ते त्याच्या पुढे जातात: वर बांधलेल्या सळ्या काँक्रीट टाकेपर्यंत वरच राहतात का? माणसं त्यांच्यावरून चालतात, पंपाचा पाइप ओढला जातो, सळ्या खाली दबतात आणि ड्रॉइंगमध्ये बरोबर असलेला छज्जा साइटवर चुकतो. म्हणून चेअर, म्हणजे वरच्या सळ्या उचलून धरणारे सळीचेच टेकू, किती अंतरावर आणि कुणी बघायच्या. माझ्या मते हा एक प्रश्न नीट समजलेला फ्रेशर बाकी चार गोष्टी न येताही घेण्यासारखा असतो.

क्वांटिटी आणि बीबीएसचा भाग मधला आहे. शिकवणारी व्यक्ती वेगळी, वेग चांगला, पण सूत्रं पाठ करून घेण्यावर भर. सळीचं मीटरमागे वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले 162. ठीक, 12 मिमीची सळी 0.89 किलो येते, 16 मिमीची 1.58. पण हे 162 आलं कुठून? ते सांगितलेलंच नाही. गोल छेदाचं क्षेत्रफळ घ्या, लांबी एक मीटर, पोलादाची घनता घनमीटरला 7850 किलो, एककं जुळवा, 162 बाहेर पडतं. मी मुलाखतीत हे हमखास विचारतो आणि अडकणारे बहुतेक कोर्सवाले असतात. 1.54 चंही तसंच. ओलं एक घनमीटर काँक्रीट व्हायला कोरडा माल दीडपटीपेक्षा थोडा जास्त लागतो, म्हणून तो गुणक. सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन घेतलं तर 1.54 भागिले 5.5, म्हणजे 0.28 घनमीटर सिमेंट, घनमीटरला 1440 किलोनं सुमारे 400 किलो. एवढं तोंडी सांगता आलं की बिलिंगचा माणूस तुम्हाला शेजारी बसवून घेतो.

साइटच्या प्राथमिक माहितीत स्लम्प (ताजं काँक्रीट किती सैल आहे ते मोजायची चाचणी), क्यूब, लेव्हल सगळं येतं, व्हिडिओ स्वच्छ आहेत. शंकू 300 मिमी उंच, तीन थर, प्रत्येक थराला 25 ठोके, हे बघून करता येईल. लेव्हलिंगमध्ये बॅकसाइटची (यंत्र मांडल्यावरच्या पहिल्या वाचनांची) बेरीज वजा फोरसाइटची (यंत्र हलवण्याआधीच्या शेवटच्या वाचनांची) बेरीज ही शेवटच्या आणि पहिल्या आरएलच्या, म्हणजे बिंदूंच्या उंचीच्या, फरकाशी जुळली पाहिजे, ही तपासणी करून दाखवलीय. एक गोष्ट मात्र फारच गुळगुळीत केलीय. गाडीतून आलेलं काँक्रीट घट्ट आहे म्हणून कुणी पाइप घेऊन पाणी घालायला निघालं तर ज्युनियर इंजिनिअरनं काय करायचं? धड्यात ‘पाणी घालू देऊ नये’ एवढंच. पाणी वाढलं की ताकद उतरते हे अमेरिकन संशोधक डफ अब्राम्सनं 1918 मध्येच मांडून ठेवलंय, त्यात नवल नाही. अवघड आहे ते वीस वर्षं काँक्रीट टाकणाऱ्या माणसाला पहिल्याच महिन्यात नाही म्हणणं. त्यासाठी स्लम्प मोजून आकडा हातात घ्यायचा, गाडीचं चलन बघायचं, किती वाजता निघाली ते बघायचं, वरिष्ठाला फोन लावायचा, गाडी परत पाठवायचा अधिकार कुणाचा ते आधीच विचारून ठेवायचं. यावर अर्धा तास हवा होता.

सराव मुलाखती दोन प्रकारच्या मिळतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिली मनुष्यबळ विभागातली. स्वतःबद्दल सांगा, पाच वर्षांनी कुठे असाल, तुमची कमजोरी सांगा. कमजोरी म्हणून ‘मी परिपूर्णतेचा ध्यास घेतो’ असं सांगायला शिकवतात. कृपा करून सांगू नका. साइटवर मुलाखत घेणारा त्या क्षणी खिडकीबाहेर बघायला लागतो. ही मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मुलींना ‘ऑफिस साइडचा विचार करा’ असाही सल्ला दिला. भाचीनं तिथल्या तिथे विचारलं, का? उत्तर गोलमोल आलं. माझ्या हाताखालची सगळ्यात कडक क्वालिटी इंजिनिअर मुलगी आहे, फिटर तिला बघून आधी कव्हर ब्लॉक (सळीबाहेर काँक्रीटचा थर राहावा म्हणून ठेवायचे ठोकळे) मोजतात. हा सल्ला कोर्सनं काढून टाकावा.

दुसरी मुलाखत ड्रॉइंगवाले सर घेतात. त्यांचा पहिला प्रश्न: “उद्या सकाळी स्लॅब टाकायचाय. आज संध्याकाळी तू वर जाऊन काय बघशील?” आणि मग गप्प बसतात. भाचीनं सळ्यांचा व्यास आणि अंतर सांगितलं. ते म्हणाले, “पुढे?” तिनं कव्हर सांगितलं. “पुढे?” मग त्यांनीच तिला हात धरून वर नेल्यासारखं फिरवलं. आधी खाली, टेकू ओळंब्यात आहेत का, मातीवर उभे असतील तर खाली फळी आहे का, आडवे बांधलेत का. मग वर, फळ्यांच्या फटी, लेव्हल, तुळईत पडलेला तारांचा कचरा. सळ्या, जोड कुठे आलेत, चेअर. वायरिंगच्या नळ्या एकाच जागी गठ्ठ्यानं तर नाहीत ना. काम मधेच थांबवावं लागलं तर जोड कुठे घ्यायचा ते आजच ठरलंय का. दुसरा व्हायब्रेटर चालू करून बघितला का, क्यूबचे साचे तेल लावून तयार आहेत का, पावसासाठी प्लास्टिक आहे का. शेवटी, “आणि हे सगळं बघितल्याची सही कुठे करशील?” तिला चेकलिस्टचा कागद आठवला नाही. त्यावर ते हसून म्हणाले, “तो नसला तर बाकीचं तू बघितलंच नाहीस.”

ही मुलाखत एकदाच मिळते. पुन्हा हवी तर वेगळे पैसे. हे मला आवडलं नाही, कारण मनुष्यबळवाली हवी तितक्या वेळा फुकट आहे.

जॉब असिस्टन्सबद्दल थोडक्यात. आठवड्याला एक यादी ईमेलनं येते. त्यातल्या जवळजवळ सगळ्या जागा उघड्या पोर्टलवर आधीच असतात, काही मुदत संपलेल्या, आणि अर्ध्यांना दोन-तीन वर्षांचा अनुभव हवा असतो. ‘शंभर टक्के’ हा शब्द असिस्टन्सला लावलाय, जॉबला नाही, हे पैसे भरण्याआधी नीट वाचा. भाचीनं यादीतून अर्ज केले, बहुतेकांना उत्तर नाही. शेवटी तिला जागा मिळाली ती काँक्रीट आणि माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, प्रोजेक्टचे क्यूब तिनं जिथे फोडले होते तिथेच. तिथल्या तंत्रज्ञाला ती आठवत होती. मला ती म्हणाली, “मामा, डिझाइन नाही मिळालं.” मी म्हटलं, वर्षभरात तुला जितकी काँक्रीटं कळतील तितकी डिझाइनवाल्याला दहा वर्षांत कळणार नाहीत. ती अजून पूर्ण पटलेली नाही.

यावरून माझी कोर्सबद्दलची मोठी तक्रार. त्यांच्या लेखी सिव्हिल म्हणजे इमारत, आणि इमारतीतही सांगाडा. रस्ते नाहीत, पाणीपुरवठा नाही, सर्वेक्षण नाही, माती नाही, तपासणी प्रयोगशाळा नाही, प्रीकास्टचा (आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या भागांचा) कारखाना नाही. पहिली जागा मिळायची शक्यता तर अशाच ठिकाणी जास्त, कारण तिथे रांग लहान असते. पाण्यात रस असलेल्याला ईपानेट (पाइपांच्या जाळ्यासाठी) आणि हेक-रास (नदी-कालव्यांच्या प्रवाहासाठी) ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, अमेरिकेच्या सरकारी संस्थांनी बनवलेली. नकाशांसाठी क्यूजीआयएस फुकट. एखाद्या छोट्या वस्तीचं पाइपांचं जाळं ईपानेटमध्ये मांडून, कुठल्या टोकाला दाब कमी पडतो ते दोन पानांत लिहून आणणारा पदवीधर माझ्यासमोर आजवर आला नाही. आला तर मी त्याला पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या मित्राकडे स्वतः गाडीत घालून नेईन.

पगाराच्या वाटाघाटींवर एक धडा आहे, तो फ्रेशरच्या कामाचा नाही. त्यापेक्षा मुलाखतीच्या शेवटी हे विचारा: मी कुणाला रिपोर्ट करणार, साइटवर माझ्या वर कुणी अनुभवी रोज असणार का, तपासणीच्या कागदावर सही माझी असेल की त्यांची, राहायची सोय कशी, हेल्मेट आणि बूट कंपनी देते का. पहिल्याच महिन्यात एकट्याला साइटवर सोडून सही करायला लावणारी जागा असेल तर पगार कितीही असो, पुन्हा विचार करा.

पाचपैकी तीन तारे, आणि त्यातले अडीच एकट्या त्या सरांचे. कॉलेजात असताना साइटवर राबलेल्यांना, किंवा ज्यांच्या ओळखीत ड्रॉइंग समजावून देणारं कुणी आहे त्यांना याची गरज नाही. बाकीच्यांनी घ्यायचाच तर सॉफ्टवेअरशिवायचा लहान पॅक घ्या, ड्रॉइंग वाचन त्यात पूर्ण येतं. सरांची मुलाखत सगळे ड्रॉइंगचे धडे संपल्यावरच लावा, आधी लावली तर वाया जाते. व्याख्यानं वर्षभरानंतर बंद होतात, पण ड्रॉइंग सेटची पीडीएफ उतरवून घेता येते. ती पहिल्याच दिवशी उतरवा आणि मोठ्या कागदावर छापून घ्या. मोबाइलच्या पडद्यावर त्यातली एकही टीप वाचता येत नाही.